नाव घे

वऱ्हाडाचा तेव्हा मोठा मजेशीर संसार होता. नाव निजामाचं, राज्य इंग्रजाचं, अन् कचेरी नागपुरात, मध्यप्रांताच्या पंगतीला. नाव एकाचं अन् हाकणारा दुसरा, असं ज्या मुलखात बिनबोभाट चालत होतं, तिथं एखाद्या माणसाचं नाव त्याच्यापासून सुटून गेलं तर कोणी डोळे वटारायचं कारण नव्हतं. पण लोणारच्या इंद्रभान माळ्यानं वटारले. वटारणारच, बुवा. नाव त्याचं होतं.

इंद्रभानचा मळा तळ्याच्या उतारावर होता, कड्यातून पडणाऱ्या धारेच्या गोड्या पाण्यावर. वांगी, मेथी, कडेला केळी. माल डोणगावच्या बाजारी जायचा, कधी साखरखेर्ड्याला. घरात माणसं दोनच, तो अन् त्याची बायको गोजरबाई. मायबाप पटकीत गेले होते अन् लेकरू अजून झालं नव्हतं. माणूस कामाचा, निर्व्यसनी. पण डोक्यात एक खूळ होतं, समुद्राचं. ज्यानं मलकापूरच्या टेशनापलीकडचं काही पाह्यलं नाही, त्याला समुद्राचं खूळ! टेशनावर कापसाच्या गाठी गाडीत चढताना पाहिल्या की हा हमालांना विचारत बसायचा, की पुढं पाण्यावरून जाताना या ओल्या होत नसतील का. हमाल म्हणायचे, गाठी जातील बापा, तू घरी जा. गोजरबाई म्हणायची, दारापुढं एवढं खारं पाणी पसरलं आहे, त्यात पाय बुडवा अन् समजा समुद्र झाला.

पौषातली एक सकाळ. तळ्याच्या खोलगटात धुकं एवढं दाटलं होतं की कमळजादेवीचं देऊळसुद्धा अर्धंच दिसत होतं. इंद्रभान मेथीला पाणी द्यायला उतरला अन् काठावरच थबकला. धुक्यातून एक जहाज येत होतं. डोलकाठी मोठ्या चिंचेहून उंच, शीड खाली लोंबलेलं, अंगाला शिंपले चिकटलेले. लोणारच्या पाण्यात मासा जगत नाही, शिंपला कुठून येणार, एवढं त्याला कळत होतं. पळायला पाहिजे होतं. पण जिच्यासाठी जन्मभर झुरलो तीच दारात आली, तर पळतो कोण? यानं देवळापुढं काढाव्या तशा वहाणा काठावर काढल्या अन् गुडघाभर पाण्यात शिरला.

वरून पांढऱ्या दाढीचा तांडेल, जहाजाचा म्होरक्या, ओरडला, "नाव द्या, नाव घ्या!"

आता बोलणं किती साधं. पण ऐकणारा पडला वऱ्हाडी. पटवारी आला की आधी नाव विचारतो, शिपाई आला की नाव विचारतो, देवी टोचणारा आला तरी सुई काढायच्या आधी नाव. सांगितलं की सुटलो, ही सवय हाडात मुरलेली. इंद्रभानला वाटलं, नाव सांगितलं की नावेत बसायला मिळतं, झकास झालं. त्यानं छाती काढून नाव सांगितलं. दिलं का, असं तांडेलानं विचारलं. दिलं, असं हा म्हणाला. तिथंच घात झाला.

वर चढला अन् शीड टम्म फुगलं. वारा तर पान हलण्याइतकाही नव्हता. मग याच्या ध्यानात आलं की आपल्याजवळचं काहीतरी गेलं आहे. दाढ पडल्यावर जीभ घडीघडी त्या खड्ड्यात जाते, तसं त्याचं मन एका रिकाम्या जागी जाऊ लागलं. लोणार आठवत होतं, गोजर आठवत होती, वांग्यांवरची कीडसुद्धा आठवत होती. स्वतःचं नाव तेवढं नव्हतं. आपण त्याला इंद्रभान म्हणू. त्याला स्वतःला म्हणता येत नव्हतं. त्या जहाजाच्या शिडात वारा भरतच नसे, माणसांची नावं भरत, अन् त्यावरच ते चाले.

जहाजानं नाक खाली घातलं, तळ्याच्या बुडाशी शिरलं अन् वर आलं ते समुद्रात. समुद्र! इंद्रभान कठड्याला धरून लहान पोरासारखा हसला. पुढं त्यानं काय काय पाह्यलं म्हणून सांगू. एका ठिकाणी पाणी आंबिलीसारखं घट्ट होतं अन् जहाजाला ढकलायला खालून देवमासे खांदा देत. एका ठिकाणी पाण्यावर नुसत्या सावल्या तरंगत होत्या, माणसांच्या, गाईंच्या, आपापले धनी शोधत फिरणाऱ्या. एका बेटावर झाडांना घंटा लागत अन् पिकल्या की आपोआप वाजत. तिथं तो हौसेनं उतरायला गेला. पाय टाकला तो मातीतून आरपार गेला, पाण्यात जावा तसा. तांडेलानं बखोटीला धरून वर ओढलं. बिननावाच्या माणसाला भुई धरत नाही, म्हणाला. जग सारं पाहायचं, पण या फळ्यांवरूनच.

मग इंद्रभानला ते जहाज खुराड्यासारखं वाटायला लागलं. चौफेर एवढं मोठं पाणी अन् हिंडायला वीतभर फळ्या! त्यानं तांडेलाचे पाय धरले. तांडेल काही दुष्ट नव्हता. तोही कधीकाळी असाच नाव देऊन चुकलेला. तो म्हणाला, "तुझ्या चुलीवरचं खाणारं माणूस खाऱ्या पाण्यात उभं राहून तुझं नाव घेईल, त्या दिवशी उतरशील. दुसरी वाट नाही."

एवढंच ना, असं म्हणून इंद्रभाननं डोळे पुसले. जहाज दर वर्षी ज्याच्या त्याच्या काठाला लागतच होतं. त्याच्या डोळ्यांदेखत एका कोळ्याच्या म्हातारीनं लाटेत उभं राहून लेकाला हाक मारली अन् तो टुणकन उडी मारून गेला. एका अरबाला त्याच्या बहिणीनं सोडवलं. शीड तेवढ्यापुरतं सैल पडे अन् पुन्हा कोणीतरी खुळा नाव देऊन जाई. इंद्रभान म्हणाला, माझी गोजर तर तळ्यावर रोज येते. आता आपण घरी पोचलोच.

त्याच्या शेजारी मलकापूरचा एक दलाल बसला होता. कापसाच्या मागोमाग मुंबईच्या बंदरावर गेला होता अन् तिथं नाव देऊन बसला होता. तो म्हणाला, "चुलीवर कोण हाये तुह्या? माय हाये का?"

"माय नाही. बायको हाये."

"मंग बायको नाव घेते का कोठी?" दलाल म्हणाला.

बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं. आपल्याकडे हे दुधाच्या दातांआधी कळतं. अन् गोजरबाई तर त्यातली पक्की. नाव तर सोडाच, नावाच्या जवळून जाणारा शब्दही ती तोंडात घेत नसे. आभाळात इंद्रधनुष्य निघालं तर सारं गाव इंद्रधनुष्य म्हणे, ही म्हणे, वर पट्टा निघाला. आयुष्यात एकदाच तिनं नाव घेतलं होतं, लग्नाच्या वरातीनंतर, बायकांनी दार अडवलं तेव्हा, उखाण्यात. इंद्रभाननं तो उखाणा जहाजावर शंभरदा आठवला. "खाऱ्या तळ्याच्या काठी गोड पाण्याची धार, अमुकरावांचं नाव घेते, सोडा आता दार." धार आठवे, दार आठवे, अन् मधोमध जिथं नाव होतं तिथं नुसती पोकळी. तो कपाळ बडवून घेई.

दलालानं मग हळूच सांगितलं, की त्याची बायको दर वर्षी बंदरावर यायची, पाण्यात उभी राहायची, "अवो" म्हणायची अन् रडून जायची. मग एका वर्षी आली नाही. गेली होती. नाव तोंडातच घेऊन गेली. जहाजावर उरलेले सगळे असेच होते, सारे आपल्याकडचे, बायकोवाले. बाकी जग सुटून जात होतं.

पुढच्या पौषात जहाज लोणारच्या तळ्यात वर आलं. जहाजावरून काठ दिसे, काठावरून जहाज मात्र एखाद्या खुळ्यालाच दिसे, बाकीच्यांना नाही. गोजरबाई आली. गावानं केव्हाच ठरवलं होतं की इंद्रभान बुडाला. वहाणा काठावर सापडल्या, आणखी काय पाहिजे? पण तिचं म्हणणं, हे पाणी कोणाला पोटात ठेवत नाही, वर फेकतं. ज्याला वर फेकलं नाही तो बुडाला नाही. कुंकू मोठं लावलेलं, हातभर बांगड्या. ती पाण्यात उतरली, पोटऱ्यांपर्यंत, अन् धुक्याकडे तोंड करून म्हणाली, "अवो, ऐकून राह्यले का? घरी चाला ना."

इंद्रभान कठड्यावरून कंबरेपर्यंत लोंबकळला. घसा फाटेस्तोवर ओरडला, की नाव घे, माझे माय, एकदा नाव घे. धुक्यानं सारं गिळलं. तिनं दगडावर भाकरी ठेवली, वर मिरचीचा ठेचा, अन् निघून गेली. एवढा जीव लावणारी बाई, अन् जीव लावते म्हणूनच सोडवत नाही! इंद्रभानला तिचा इतका राग आला की त्यानं तिला जन्मात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या, अन् मग त्या भाकरीकडे पाहून ढसाढसा रडला. जहाज हललं तरी त्याचे डोळे भाकरीवर होते.

त्याच फेरीत जहाज वाऱ्यांच्या बेटाला लागलं. तिथं एक म्हातारी वारे खुंट्याला बांधून ठेवी, वासरं बांधावी तसे. काथ्याची दोरी वाऱ्याला काचते, म्हणून तिला सूत पाहिजे होतं, मऊ अन् चिवट. इंद्रभानच्या डोक्याला घरच्या कापसाचं मुंडासं होतं. त्यानं ते सोडून तिच्याकडे फेकलं अन् मोबदल्यात एक वारा मागितला. म्हातारीनं कोपऱ्यातला एक लहानसा, अशक्त वारा गाठीत बांधून दिला अन् बजावलं, की हा दोन शब्द नेतो. तिसरा घातला की ओझ्यानं बसतो.

दोन शब्द! वर्षभर इंद्रभान दुसरं काही करत नव्हता. "गोजर, ये" म्हणावं, तर ती येतच होती. "भिऊ नको" म्हणावं, तर कशाला, ते कळायचं नाही. शेवटी त्याला सापडले अन् तो आनंदानं नाचला. "नाव घे." एवढं सोपं अन् एवढं सरळ! दलालालाही त्यानं ते ऐकवलं. दलाल म्हणाला, वा रे पठ्ठ्या, वकिलाला सुचलं नसतं. तांडेल मात्र खोकला अन् दुसरीकडे पाहायला लागला.

पौष आला. गोजरबाई पाण्यात उभी राह्यली. इंद्रभाननं गाठ सोडली अन् वाऱ्याच्या कानात ते दोन शब्द सांगितले. वारा धडपडत गेला, तिच्या पदराला लागला, कानाशी पोचला. गोजरबाईचा चेहरा उजळला. नवऱ्याचा आवाज तिनं ओळखला होता. तिनं ओठांवर हात ठेवला, मान डोलावली, अन् पाण्याबाहेर येऊन पळतच सुटली, उताराच्या वाटेनं, गावाकडे.

इंद्रभानला वाटलं, लाजली. येईल.

जहाज पाच दिवस काठाशी थांबायचं, ती आली चार दिवसांनी. बरोबर तिचा भाऊ उकंडराव, साखरखेर्ड्याचा, अन् त्याच्या बैलगाडीत मेहकरच्या भोयांकडून, थेट पैनगंगेवरून आणलेला, लाकडाचा एक डोंगा. लोणारच्या तळ्यात कोणाच्या पणजोबानं नाव घातली नव्हती. मासाच नाही, तर नाव काय करायची? चार माणसांनी तो डोंगा उतारावरून घसरत, शिव्या देत, खाली आणला. गोजरबाई भावाला सांगत होती, त्यांनी स्वतः सांगितलं, नाव घे; ते मधात कोठीतरी अडकले हाये अन् मले नाव घेऊन बोलावून राह्यले.

इंद्रभाननं डोक्यावर दोन्ही हात मारले. साऱ्या मराठी मुलखात माणसाचं जे असतं ते नाव अन् पाण्यावर जी चालते ती पण नाव, हे त्या वर्षभरात त्याच्या टाळक्यात आलं नाही! निदान "माझं" तरी घातलं असतं. पण दोनच शब्द मावत होते अन् त्यानं निवडून निवडून हेच निवडले होते. हसावं की रडावं, त्याला समजेना. दलाल तर तोंडावर उपरणं धरून बसला होता.

गोजरबाईनं भावालाही डोंग्यात बसू दिलं नाही. बांबूनं रेटत ती एकटीच धुक्यात शिरली. डोंगा हेलकावे खात थेट जहाजाच्या कडेला आला, इतका जवळ की इंद्रभाननं हात खाली केला असता तर तिच्या पदराला लागला असता. त्यानं केलाही. हात पदरातून आरपार गेला. तिच्या कानाजवळचे केस पिकले होते. गळ्याची हाडं वर आली होती. तिनं बांबू आडवा ठेवला, चारी बाजूंना पाह्यलं अन् हळू आवाजात म्हणाली, "अवो, आणली ना मी नाव. आता तरी या."

तिच्या खाली खारं पाणी होतं, पण ती त्यात उभी नव्हती. अन् तोंडी "अवो"च होतं. इंद्रभान तिच्यावर वाकून तिचंच नाव घेत राह्यला, गोजर, गोजर. तिला ते ऐकू जात नव्हतं. ऊन चढेपर्यंत ती त्या पाण्यात इकडून तिकडे फिरली अन् मग काठाला लागली.

त्यानंतर इंद्रभाननं आशा सोडली. समुद्रात काय दिसतं ते पाहायलाही तो उठेना. देवमासे आले, घंटांचं बेट आलं, हा कठड्याकडे पाठ करून बसलेला. तांडेलानं एकदा त्याला म्हटलं, की सवय होते. त्याला त्या सवयीचीच भीती वाटत होती.

पुढच्या पौषात काठावर गोजरबाई एकटी नव्हती. उकंडराव होता, एक भटजी होता, अन् शेजारची विधवा अंबूबाई. बायकोनं नाव आणून तळं पालथं घातलं तरी नवरा सापडला नाही, मग आता कसली वाट पाहायची, असं गावानं नि भावकीनं तिला पटवलं होतं. की तिनं पटल्यासारखं दाखवलं होतं. भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा मांडला, परागंदा माणसाच्या नावानं जाळतात तो. गोजरबाईला स्नानासाठी पाण्यात उभं केलं. भटजींनी मृताचं नाव विचारलं. उकंडरावानं सांगितलं, इंद्रभान. जहाजावर इंद्रभाननं ते ऐकलं अन् त्याला ते दूरच्या कुठल्यातरी खेड्याच्या नावासारखं वाटलं. उकंडराव त्याच्या चुलीवरचा नव्हता. शीड हललंसुद्धा नाही.

आता ही मला मेलेला समजते, एवढं त्याला कळलं. कोणीतरी जिवंत समजत होतं, त्यावर तो तग धरून होता.

अंबूबाई बांगड्या फोडायला दगड घेऊन पुढं झाली. तिनं गोजरबाईचा हात धरला. गोजरबाईनं तो हिसकून घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "मेले म्हणता ना तुमी त्याइले? बरं. त्याइच्या जिवाले धक्का लागू नाही म्हणून मी इतके वर्सं जीभ दाबून धरली. आता जीवच नाही म्हणता, मंग नाव कायले गिळू?"

भटजी काही बोलणार होते. पण ती तळ्याकडे वळली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो तिनं सावरला नाही. अन् वर्षानुवर्षं साठलेलं सारं एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"इंद्रभान! ये इंद्रभान! जित्ता असशील तर घरी ये, अन् मेला असशील तर मेलो म्हणून सांगाले ये! तुह्या पुतळ्यासाठी मी बांगड्या फोडत नाही! ऐकतो का बे, इंद्रभान?"

उकंडराव जागच्या जागी थिजला. बहिणीनं नवऱ्याला "बे" म्हटलेलं त्यानं ऐकलं होतं.

वर शिडाला हातभर चीर गेली अन् तिच्यातून नाव खाली आलं. इंद्रभानच्या रिकाम्या जागेत ते असं बसलं की त्याला हुंदका फुटला. इंद्रभान. माझं नाव इंद्रभान. पायाखालच्या फळ्या विरळ व्हायला लागल्या. त्यानं दलालाकडे पाह्यलं. मलकापुरात कोणाला काही सांगू का, असं त्याला विचारायचं होतं. पण सांगायचं कोणाला, तेच तर उरलं नव्हतं. दलालानं त्याच्या पाठीत थाप मारली अन् म्हणाला, "जाय बे, पाहून काय राह्यला?" अन् इंद्रभान पाण्यात पडला.

त्या पाण्यानं त्याला पोटात ठेवलं नाही. तो वर आला, पाय टेकवले, अन् भुईनं ते धरले. तो चालत काठाकडे आला, दाढी छातीवर, डोकं उघडं, अंगाला शेवाळ. भटजींनी एकदा पुतळ्याकडे पाह्यलं, एकदा माणसाकडे, अन् सोवळं आवरून ते देवळाच्या मागं गेले. अंबूबाईच्या हातातला दगड केव्हा पडला, ते तिलाही कळलं नाही.

गोजरबाई हलली नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते अन् डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो अगदी जवळ आल्यावर तिनं हात काढले.

"घेतलं वो मी," ती म्हणाली. "तुमचं नाव घेतलं. साऱ्यायच्या समोर घेतलं, अरे-तुरे केलं. आता तुमाले काई झालं मंजे?"

इंद्रभानला तिला खूप काही सांगायचं होतं. वाऱ्यांचं बेट, ती भाकरी, तो डोंगा अन् पदरातून गेलेला हात. पण ते सारं मागाहून सांगता येणार होतं.

"गोजर," तो म्हणाला, "अजून एक डाव घे."

तिनं भावाकडे पाह्यलं, देवळाकडे पाह्यलं. मग पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली, अन् घेतलं.